नाव ‘बुक’ होत नसतं, काकू

आमच्या नागपूरच्या नंदनवनातल्या काकू घरी सावजी मसाला करतात आणि भाचा रविवारी स्कूटीवर पाकिटं पोहोचवतो. मागच्या आठवड्यात त्या फोन नाचवत आल्या, “पाय ना, आपलं नाव बुक झालं!” व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो निरोप तुम्हालाही आला असेल : ‘जोडधंदा सुरू करताय? फक्त ९९९ रुपयांत उद्यम सर्टिफिकेट, धंद्याचं नाव कायमचं तुमचं! नोंदणीशिवाय विक्री बेकायदा, बँक खातं नाही. सोबत जीएसटी सक्तीचा.’ काकूंनी पैसे भरून टाकले होते. मी लोकांची रिटर्नं भरते, म्हणजे हे रोजचंच दळण. एकेक वाक्य घेते.

‘फक्त ९९९.’ उद्यम, म्हणजे छोट्या-मध्यम धंद्यांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. आधार, पॅन, मोबाइलवर येणारा ओटीपी, झालं. कुठला कागद अपलोड करावा लागत नाही. कुणी फॉर्म भरून दिल्याची मजुरी घेतली तर घेवो बापडा, पण तिला ‘सरकारी फी’ म्हणू नये.

‘नाव कायमचं तुमचं.’ खरी गोम इथेच आहे. उद्यममध्ये तुमचा धंदा सूक्ष्म, लघु की मध्यम एवढीच नोंद होते. नाव दुसऱ्या कुणाचं आहे का, हे कुणी तपासत नाही. उद्या सक्करदऱ्यात कुणी काकूंचंच नाव टाकलं तर त्यालाही तस्संच सर्टिफिकेट मिळेल. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, तिचंही तेच. एकट्याच्या धंद्यात मालक आणि धंदा कायद्याला वेगळे दिसत नाहीत, पॅनसुद्धा तुमचाच चालतो. अशा धंद्यांची नावं राखून ठेवणारं कार्यालयच नाही.

नावाला संरक्षण देतो तो १९९९ चा ट्रेडमार्क कायदा. एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये पडतात, तेही प्रत्येक वर्गाला, म्हणजे मालाच्या प्रकाराला. मसाला ३० व्या वर्गात, लोणचं २९ व्या. दोन्ही विकायचं तर फी दोनदा. अर्ज मान्य झाला की ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतो, चार महिने लोकांच्या हरकतींची वाट पाहायची, मग १० वर्षांची नोंदणी. ती पुढे वाढवता येते. अर्जाआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहा, फुकट असतं; सारख्या उच्चाराची नावंही सापडतात.

काकूंनी निवडलेलं नाव होतं ‘नागपुरी सावजी मसाला’. आता हे नाव झालं की मालाचं वर्णन? अर्ध्या शहराच्या पाट्यांवर सावजी आहे. असे शब्द एकट्याच्या मालकीचे व्हायला फार जड जातात. त्याला स्वतःचा एखादा वेगळा शब्द जोडावा लागतो. आणि पहिल्या दिवसापासूनची बिलं जपून ठेवा. नोंदणी नसली तरी आधीपासूनच्या वापराला कायद्यात वजन आहे.

पाकीट हातात घेतलं तर वर गोलातला ‘आर’. “प्रेसवाल्यानं टाकला, शोभून दिसते म्हणे.” ट्रेडमार्क नोंदलेला नसताना ती खूण छापणं बेकायदा आहे. तोवर ‘टीएम’ चालतं.

‘नोंदणीशिवाय विक्री बेकायदा.’ नावाच्या नोंदणीविषयी हे खोटं. शिवणकाम, शिकवणी असले धंदे आपल्या नावानं बिनघोर करा. पण खायच्या मालाला, घरच्या ओट्यावर केलेला असला तरी, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो. वजन, एमआरपी, तारीख, करणाऱ्याचा पत्ता हेही हवं. गंमत बघा, जे खरंच सक्तीचं आहे त्याबद्दल निरोपात एक शब्द नाही. काकूंच्या पाकिटावरही तो नंबर नव्हताच.

‘बँक खातं नाही.’ यात थोडं तथ्य आहे. फर्मच्या नावानं करंट खातं उघडायला बँक सहसा धंद्याचे दोन पुरावे मागते, त्यात उद्यम चालतं. म्हणजे काकूंचं सर्टिफिकेट अगदीच वाया गेलं नाही; ९९९ गेले.

‘जीएसटी सक्तीचा.’ उद्यम काढलं म्हणून जीएसटी लागत नाही. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. मात्र भाच्याच्या डोक्यात छिंदवाड्याची गिऱ्हाइकं आहेत. तो मध्य प्रदेश झाला. राज्याबाहेर माल विकला की पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. हे ऐकून तो गप्पच झाला.

एफएसएसएआयचा अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी भरला. तो नंबर येईपर्यंत विक्री बंद. नव्या नावावर घरात अजून एकमत नाही. हजार स्टिकर छापून पडलेत, म्हणून काकू दुपारी मार्कर घेऊन गोलातला ‘आर’ खोडत बसतात. नंबर छापायला जागा कुठे आहे, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.