अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाव बदललं म्हणजे सर्व्हर सुरक्षित झाला, हे साफ खोटं आहे

लातूरच्या मोंढ्यात माझ्या दाजींची आडत आहे. परवा त्यांचा फोन आला, "टॅलीचा बॅकअप तीन आठवड्यांपासून झालाच नाही, बघ जरा." बघितलं, तर मूळ निघालं व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजात. त्याचं म्हणणं असं: सर्व्हरवरच्या 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' या सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्याचं नाव बदला, हॅकरला नावच सापडणार नाही. मग पासवर्ड सोपा चालतो, अपडेटची कटकट नको, रिमोट डेस्कटॉप (लांबून हे मशीन चालवण्याची सोय) बिनधास्त उघडा ठेवा. दाजींनी सगळं तसंच केलं. शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या, उचल, उधारी, सगळं त्या एका मशीनवर आहे.

आधी 'नावच सापडणार नाही' हे बघू. विंडोज खात्याला नावावरून ओळखत नाही, एसआयडी नावाच्या क्रमांकावरून ओळखतं. मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा हा क्रमांक जगात कुठेही ५०० नेच संपतो. शेताला तुम्ही काहीही नाव द्या, सातबाऱ्यावरचा गट नंबर बदलत नाही, तसंच हे. खात्याखालचं 'बिल्ट-इन अकाउंट' हे वर्णनसुद्धा नाव बदलल्यावर तसंच राहतं. नाव बदलण्याच्या याच सेटिंगबद्दल मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या कागदपत्रांत लिहून ठेवलंय की एसआयडी ठरलेला असल्यामुळे या उपायाची किंमत कमी होते आणि एसआयडी वापरून पासवर्ड फोडण्याचा हल्ला करता येतो. ज्यांनी विंडोज बनवलं तेच हे सांगतात.

आता पासवर्ड. मला सगळ्यात जास्त संताप याच मुद्द्याचा आला. दाजींनी सहा आकडी पासवर्ड ठेवला होता. त्याच्या शक्यता फक्त १० लाख. सेकंदाला एकच प्रयत्न धरला तरी बारा दिवसांच्या आत सगळ्या संपतात, आणि हल्लेखोराचं मशीन एवढं हळू कधीच चालत नाही. त्यात हे मूळ लोकल खातं वर्षानुवर्षं कितीही चुकीचे पासवर्ड टाकले तरी लॉक होत नव्हतं. ते लॉक करण्याची सोय ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून आली, आणि जुन्या मशीनवर ती आपण चालू करावी लागते. दहा चुकांनंतर दहा मिनिटं लॉक एवढं जरी लावलं, तरी तेच १० लाख प्रयत्न संपायला जवळपास दोन वर्षं लागतात. म्हणजे खरा फरक पडतो तो लॉकआउटने आणि लांब पासवर्डने, आणि मेसेज नेमकं तेच सोडायला सांगतो!

अपडेट नको म्हणणाऱ्याने मे २०१७ चा वॉनाक्राय, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम, आठवावा. त्याला ना युजरनेम लागलं, ना पासवर्ड. ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं.

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट (म्हणजे त्याची नेटवर्कवरची वाट) थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. घरून काम करायचं तर आधी व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारी सुरक्षित खासगी वाट) जोडा.

एक मान्य करतो. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हे एकच नाव धरून दारोदार ठोठावत फिरणारे आंधळे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) नाव बदलल्यावर फसतात, लॉगमधली (लॉगिनच्या प्रयत्नांच्या नोंदींमधली) गर्दी कमी होते. बाकी सगळं नीट करून वर हेही केलं तर हरकत नाही. पण करण्याआधी जुन्या नावाने काय काय चालतंय ते तपासा. दाजींची बॅकअप सर्व्हिस 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावानेच लॉगिन होत होती. नाव बदललं, सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि ती पुन्हा सुरूच झाली नाही.

रविवारी लातूरला जाऊन बसलो. बॅकअपला वेगळं खातं दिलं, राउटरवरचा पोर्ट बंद केला, राहिलेली अपडेट टाकली, लॉकआउट लावला. नवा पासवर्ड चार मराठी शब्दांचा आहे. तो कागदावर लिहून दाजींनी तिजोरीत ठेवलाय, आणि त्याच ग्रुपवर आता हे लिहिलेलं पाठवायला ते तयार झालेत.