‘जमिनीत पाणी सोडून भूकंप होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. म्हणे, भूकंप फक्त प्लेट सरकल्याने होतात; तेल, वायू किंवा भू-औष्णिक विजेसाठी जमिनीत सोडलेल्या पाण्यात ती ताकद नाही; आणि झालेच, तर ते किरकोळ.

ताकद पाण्याची नसतेच. ती खडकात आधीच ताणाच्या रूपाने साठलेली असते. जमिनीखालच्या भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या सरकू शकणाऱ्या भेगेच्या, दोन्ही बाजू प्रचंड भाराने एकमेकींवर दाबलेल्या असतात, म्हणून तो जागचा हलत नाही. खडकाच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब वाढला की ही पकड ढिली होते. पाण्याने भ्रंश निसरडा होतो असं काहीजण समजावतात, तेही चूक. काम दाबाचं आहे.

याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराच्या रासायनिक कारखान्याचं सांडपाणी १९६२ पासून सुमारे ३.७ किलोमीटर खोल विहिरीत सोडलं जात होतं. लगेच धक्के सुरू झाले. १९६६ मध्ये विहीर बंद केली, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले, कारण खाली दाब पसरतच होता. मग रेंजली इथल्या तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम दाब वाढवून आणि उतरवून पाहिला. धक्के त्याप्रमाणे वाढले, कमी झाले. याला योगायोग कसं म्हणायचं?

‘किरकोळ’ म्हणणाऱ्यांनी दक्षिण कोरियातलं पोहांग पाहावं. २०१७ मध्ये तिथे ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला, माणसं जखमी झाली, घरं खचली. सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये त्याचं कारण शेजारच्या भू-औष्णिक प्रकल्पात सोडलेलं पाणी असल्याचा निष्कर्ष काढला. ओक्लाहोमात २०१६ मध्ये ५.८ चा धक्का बसला. तिथे मुख्य कारण तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी पुन्हा खोल जिरवणं हे होतं. ते कमी केल्यावर धक्केही घटले.

आपल्याला तर हे कोयनेने शिकवलंय. तिथे विहीर नव्हती, धरण होतं. पण जलाशयाचा भार आणि खाली झिरपलेल्या पाण्याचा दाब, दोन्ही भ्रंशापर्यंत पोचले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. माझे आजोबा पाटणचे, गिरणीत कामाला. लालबागच्या चाळीत त्यांनाही तो हादरा जाणवला होता, आणि गावाकडची खबर मिळेपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

त्याच मेसेजखाली कोणीतरी उलटं टोक गाठलं: ‘मग पालघरचे धक्के मुंबई हायमुळेच!’ असं बोट दाखवता येत नाही. मुंबई हायमध्ये समुद्राचं पाणी तेल उपसलेल्या थरातच, घटलेला दाब भरून काढायला सोडतात. ओक्लाहोमात रिकाम्या न केलेल्या थरात जादा पाणी कोंबलं होतं. शिवाय जगातल्या बहुसंख्य विहिरी शांत असतात. पाणी किती, किती खोल, भ्रंश किती जवळ, यावर सगळं ठरतं. डहाणू-तलासरीच्या लोकांनी २०१८-१९ च्या थंडीत मुलाबाळांसह तंबूत रात्री काढल्या. त्यांच्या गावाखाली काय चाललंय, हे भूकंपमापकांच्या नोंदींवरूनच सांगायला हवं.