लाटण्याची गाडी, लाटण्याचे बाळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय आजोबा, सप्रेम नमस्कार.

आपण नावाऐवजी ‘एक आजोबा, नेरूळ’ एवढीच सही केली आहे, म्हणून आपल्याला तसेच संबोधत आहे. माझा मागचा लेख घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलातील उन्हाळी शिबिराविषयी होता. तिथे सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी रोबोटिक्स आणि मुलींसाठी मेंदी व केकची सजावट असे दोन वेगळे वर्ग ठेवले होते, आणि नोंदणीच्या अर्जात अदलाबदलीची सोय नव्हती. त्यावर आपले म्हणणे असे की, मी जीवशास्त्रच नाकारते. माकडांवरचे प्रयोग आणि कॅनडातील त्या दुर्दैवी मुलाची हकीकत माझ्या वाचनात नसावी. स्त्री-पुरुष समानतेत पुढे असलेल्या देशांतच हे फरक अधिक ठळक दिसतात, याकडे मी डोळेझाक केली. शिवाय आपल्या घरातल्या चार वर्षांच्या जुळ्या नातवंडांपैकी नातवाने लाटण्याची गाडी केली आणि नातीने तेच लाटणे पंचात गुंडाळून मांडीवर झोपवले, हे त्यांना कोणीही शिकवलेले नव्हते. शेवटी आपण विचारले आहे, ‘मग नातीला बळेच रोबोटिक्सला बसवू का?’

प्रथम माझी चूक. ‘मुलगा आणि मुलगी यांच्यातला स्वभावभेद सर्वस्वी समाजाने घडवलेला आहे’ या माझ्या वाक्यातला ‘सर्वस्वी’ हा शब्द मागे घेते. ठाण्यात बावीस वर्षे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवल्यावर तो माझ्या हातून उतरायला नको होता. आपण ज्याचा उल्लेख केलात तो डेव्हिड रायमर 1965 साली कॅनडातील विनिपेग येथे जन्मला. सुंता करताना झालेल्या अपघातानंतर, जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने, त्याला मुलगी म्हणून वाढवले गेले. झगे, बाहुल्या, संप्रेरके (हार्मोन्स) असे सगळे करूनही ते त्याला कधी मानवले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास सत्य कळल्यावर तो पुन्हा मुलगा म्हणून जगू लागला, आणि 2004 मध्ये त्याने आत्महत्या केली. माणसाचे मन म्हणजे कोरी पाटी, असे यानंतर कोणी म्हणू नये. त्याहून भक्कम पुरावा अधिवृक्क ग्रंथींच्या, म्हणजे मूत्रपिंडांवर असणाऱ्या ग्रंथींच्या, एका जन्मजात विकाराचा आहे. या विकारात मुलीच्या गर्भावर पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव नेहमीपेक्षा अधिक पडतो, आणि अशा मुली खेळताना गाड्या व ठोकळे इतर मुलींपेक्षा जास्त निवडतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे आपल्या नातवाच्या गाडीत थोडे जीवशास्त्र असू शकते, हे मला मान्य आहे.

माकडांचे मात्र थोडे सबुरीने घ्यावे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या व्हर्वेट माकडांवरच्या प्रयोगात नर चेंडू आणि गाडीपाशी जास्त रमले, तर माद्या बाहुली आणि स्वयंपाकाच्या भांड्यापाशी. आता माकडीण काही फोडणी करीत नाही. ते भांडे ‘मुलींचे खेळणे’ या गटात माणसांनी टाकलेले होते, त्यामुळे माद्यांना त्यात नेमके काय आवडले हा प्रश्न उत्तराविनाच उरतो. 2008 मधल्या ऱ्हीसस माकडांच्या अभ्यासात नरांचा ओढा चाकांच्या खेळण्यांकडे स्पष्ट होता, पण माद्यांची अशी ठाम निवड दिसली नाही. यातून काहीच सिद्ध होत नाही असे मी म्हणत नाही. पण त्यावर शिबिराचे वेळापत्रक उभे राहत नाही.

आपल्या लाटण्याच्या निरीक्षणाविषयीही एक सांगायचे आहे. 1976 साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. एका तान्ह्या बाळाची एकच चित्रफीत लोकांना दाखवण्यात आली. काहींना ते बाळ मुलगा असल्याचे सांगितले होते, काहींना मुलगी. पेटीतून अचानक बाहुला उसळल्यावर बाळ दचकून रडते, तेव्हा ‘मुलगा’ पाहणाऱ्यांना त्यात राग जास्त दिसला आणि ‘मुलगी’ पाहणाऱ्यांना भीती. बाळ तेच, रडणेही तेच. आपण खोटे सांगता असे मी अजिबात सुचवत नाही. पण नातीने ज्या दिवशी लाटणे फेकून मारले असेल, तो दिवस घरात ‘दांडगी आहे’ एवढे म्हणून विसरला जातो आणि अंगाईचा दिवस मात्र पाहुण्यांना सांगितला जातो, हे आपल्या सगळ्यांच्याच घरांत घडते. आणि ‘कोणी शिकवले नाही’ म्हणताना, चार वर्षांत त्या मुलीने बाळाला पंचात गुंडाळून मांडीवर घेणारे पुरुष किती पाहिले असतील, हेही मोजायला हवे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. फरक कुठून आला हे विचारण्याआधी तो किती आहे हे विचारावे, असे मी वर्गातही सांगत असे. जॅनेट हाइड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2005 साली या फरकांवरचे 46 एकत्रित आढावे, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडणारे लेख, तपासले. स्त्री-पुरुषांमधल्या मानसिक फरकांच्या मोजमापांपैकी 78 टक्के फरक लहान किंवा जवळपास शून्य निघाले. चेंडू किती वेगाने व किती दूर फेकता येतो यात फरक मोठा होता, शारीरिक आक्रमकतेत मध्यम. गणिती क्षमतेत मात्र नगण्य. मध्यम फरकाचा अर्थसुद्धा एवढाच असतो की दोन्ही गटांचे आलेख बहुतांशी एकमेकांवर पडतात. अशा सरासरीवरून समोर उभ्या असलेल्या एका मुलीचा अर्ज भरून टाकणे हे जीवशास्त्र नव्हे, आणि माझा मूळ लेख ‘सर्वस्वी’ वगळल्यावर एवढेच म्हणतो.

आणि ज्या फरकात निसर्गाचा हात सर्वांत निर्विवाद आहे, तोही समाज कसा फिरवतो याचे उदाहरण शोधायला कॅनडाला जावे लागत नाही. जगण्याच्या बाबतीत मुलगी मुलापेक्षा चिवट असते. जवळपास सर्व देशांत तान्ह्या मुलांचे मृत्यू मुलींपेक्षा अधिक असतात आणि स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांहून जास्त असते. भारतात मात्र 1970-75 या काळात नमुना नोंदणी पद्धतीने, म्हणजे निवडक वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंच्या सरकारी नोंदींवरून, काढलेले आयुर्मान पुरुषांचे 50.5 वर्षे होते आणि स्त्रियांचे 49. आपल्या बायकांची गुणसूत्रे वेगळी होती असे नव्हे. मुलीला दवाखान्यात उशिरा नेले जाई, ताटात शेवटी वाढले जाई, आणि पुढे लागोपाठची बाळंतपणे होत. नंतर औषधोपचार पोचू लागले, बाळंतपणे कमी झाली, आणि 2016-20 चे आकडे पुरुषांसाठी 68.6 आणि स्त्रियांसाठी 71.4 असे आहेत. पन्नास वर्षांत जनुके बदलत नाहीत. मग 1972 साली एखाद्याने ‘स्त्री निसर्गतःच अल्पायुषी असते’ असा निष्कर्ष काढला असता, तर तो आकड्यांवर बरोबर आणि तरीही धडधडीत चूक ठरला असता. म्हणून आजच्या आकड्यांकडे पाहून ‘हे निसर्गतःच आहे’ असे कोणी म्हटले की मी थबकते.

समानतेत पुढे असलेल्या देशांचा आपला मुद्दा मला सर्वांत अडचणीचा वाटतो, आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, 76 देशांतल्या सुमारे 80,000 लोकांच्या पाहणीत, धोका पत्करणे, विश्वास, परोपकार अशा वृत्तींमधला स्त्री-पुरुष फरक श्रीमंत आणि अधिक समान देशांत खरोखरच मोठा आढळला. ‘समाज सुधारला की फरक आपोआप मावळतील’ असे मानणाऱ्यांना, म्हणजे काही अंशी मलाही, हे पचवावे लागेल. पण उलट टोकाचा पुरावाही आपल्याच देशातला आहे. ईशान्य भारतातील खासी आणि कार्बी हे वंशाने जवळचे समाज. खासींमध्ये वारसा धाकट्या मुलीकडे जातो, कार्बींमध्ये जमीन पुरुषांकडे राहते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हींकडच्या लोकांना चार ठोकळे जुळवून चित्र पूर्ण करायला दिले. कार्बी पुरुष स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे वेगवान ठरले. खासींमध्ये तो फरक उरलाच नाही. म्हणजे काही फरक मोकळ्या समाजात वाढतात आणि काही विरतात, त्यामुळे प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ‘निसर्ग की समाज’ या एका नाण्याने सगळ्यांचा कौल लावता येत नाही.

आपण जाता जाता ‘लोकलची चालक बाई क्वचितच दिसते, हे काही कोणी अडवल्यामुळे नव्हे’ असेही लिहिले आहे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 1853 मध्ये धावली. सुरेखा यादव सहायक चालक म्हणून रेल्वेत रुजू झाल्या त्या 1989 मध्ये, आणि त्या देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. मधल्या 136 वर्षांत एकाही बाईला ती आवड नव्हती, असे म्हणायला मी धजावणार नाही. शास्त्राचे नाव घेऊन अडवणेही नवे नाही. 1873 साली बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी असे प्रतिपादन केले होते की मुलग्यांसारखे उच्च शिक्षण दिल्यास मुलींची प्रजननक्षमता बिघडते. त्याच अमेरिकेत तेरा वर्षांनी, 1886 मध्ये, आपल्या शेजारच्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकीय पदवी घेतली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, त्या क्षयाने, अभ्यासाने नव्हे.

राहिला आपल्या नातीचा प्रश्न. तिला बळेच कुठेही बसवू नये, रोबोटिक्सलाही नाही. आणखी दोन वर्षांनी ती शिबिराच्या वयाची होईल, तेव्हा दोन्ही वर्ग एकेक दिवस दाखवून तिला विचारावे. तिने मेंदी निवडली तर माझी काहीही तक्रार नाही. मात्र तिच्याबरोबर त्याच दोन दिवसांसाठी नातवालाही न्यावे, आणि त्याने केकची सजावट निवडली तर आपण काय करणार, हे मला आताच कळवावे.

आपली नम्र,
लेखिका