फुजी नदीपलीकडे सूर चढतो

रॉक बँडबरोबर जपानला कामाला जायचं म्हटलं की लोक हेव्याने बघतात. त्यांच्या डोळ्यांपुढे फुजीचा डोंगर, साकुराची फुलं आणि टोकियोच्या बुदोकान सभागृहाचं स्टेज. आम्हा बॅकलाइनवाल्यांच्या, म्हणजे बँडची वाद्यं आणि अँप्लिफायर (अँप) सांभाळणाऱ्यांच्या, डोळ्यांपुढे प्लगच्या पिना. त्या देशात आपणहून फारसं काही बिघडत नाही. जे बिघडतं ते आपणच घरून नेलेलं असतं.

पहिला ताप कार्नेचा, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेण्याच्या परवान्याचा. फ्लाइट केसमधली एकेक वस्तू, तिचा सीरियल नंबर, वजन, किंमत अशी ही कागदांची चळत आपल्याकडे फिक्की ही उद्योगांची संघटना देते. तिच्यामुळे वाद्यांवरची जकात वाचते, पण जे नेलं तेच आणि तेवढंच परत आणायचं. ऐन वेळी गिटारिस्टला दुसऱ्याच गिटारचा उमाळा आला, की यादीतला नंबर आणि हातातला नंबर जुळत नाही, आणि कस्टमचा अधिकारी कमरेत वाकून, अतिशय अदबीने आपल्याला बाजूला उभं करतो. विकायचे टी-शर्ट कार्नेत बसत नाहीत, त्यांची जकात वेगळी. बॅगेत आणखी काय काय आहे, हेही बँडला दरडावून विचारावं. 1980 साली बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी गांजासकट टोकियोच्या नारिता विमानतळावर उतरला, नऊ दिवस कोठडीत राहिला आणि त्याच्या विंग्ज बँडचा दौराच बुडाला. तो मॅकार्टनी होता. आमच्या ड्रमरला कोण सोडवणार?

खरी परीक्षा विजेची. जपानात 100 व्होल्ट. आपला 230 व्होल्टचा अँप तिथे लावला की नुसता कण्हतो. 120 व्होल्टचा अमेरिकन अँप मात्र फसवतो. तो थेट चालू होतो, पण आतल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या हीटरला 6.3 ऐवजी जेमतेम सव्वापाच व्होल्ट मिळतात आणि गिटारिस्ट तारांना शिव्या देत बसतो. दोघांनाही आपापला स्टेप-अप, म्हणजे व्होल्ट चढवणारा, ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो अँपच्या नावावर बघून घ्यायचा नाही. 100 वॅटचा अँप म्हणतात, तो आवाजाचा आकडा. वीज तो दुप्पट-तिप्पट खातो. पाठीवरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा बघायचा आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या दीडपट तरी घ्यायचा.

एवढं निस्तरलं की हॅमंड ऑर्गन, म्हणजे कीबोर्डवाल्याचा विजेवर चालणारा ऑर्गन, पुढे येतो. सेकंदाला जागणाऱ्या या देशात वीज मात्र दोन तऱ्हांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनरेटर आणले, ओसाकाने अमेरिकन. तेव्हापासून पूर्वेला विजेचे हेलकावे सेकंदाला 50, म्हणजे 50 हर्ट्झ, पश्चिमेला 60. सरहद्द साधारण फुजी नदीची. जुन्या हॅमंडची सूर काढणारी चाकं ज्या मोटरवर फिरतात, ती विजेच्या हर्ट्झशी बांधलेली. आपल्याकडचा 50 हर्ट्झचा हॅमंड टोकियोत सुरात वाजतो. ओसाकात त्याचा सा दाबला की कोमल गंधार ऐकू येतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही, हे टूर मॅनेजरला प्रत्येक दौऱ्यात नव्याने सांगावं लागतं. त्याचा उपाय ठरलेला: 'गायकाला जरा वर गायला सांग ना!' आपला उपाय दोन. एक तर फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर भाड्याने घ्यायचा, नाही तर हॅमंड घरी ठेवून डिजिटल कीबोर्ड न्यायचा. कीबोर्डवाला रुसतो, रुसू द्यावं.

टोकियोहून ओसाकाच्या शिन-ओसाका स्टेशनला शिंकानसेन या वेगवान रेल्वेने अडीच तास लागतात. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेलेल्या बॅगेला आधी जागा राखावी लागते, नाही तर 1,000 येन भरा. वाद्यांना यातून सूट आहे, म्हणून गिटार दिमाखात चढते आणि चड्ड्या-बनियनांची बॅग अडकते. तशी बॅग आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरूनच ताक्युबिन या घरपोच कुरियरने पाठवावी. 30 किलोपर्यंत घेतात, बहुधा दुसऱ्या दिवशी ओसाकात पोचवतात. वाटेत गाडी नागोयाला एक-दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात सिगारेटसाठी उतरलेला बेसिस्ट पुढच्या गाडीने येतो. फुजी नदीच्या पुलावर सगळा डबा उजव्या खिडक्यांना चिकटून डोंगराचे फोटो काढतो. बॅकलाइनवाला पुटपुटतो, 'आला साठ.' खुद्द ही गाडी टोकियोपासूनच 60 हर्ट्झवर धावते, कारण रेल्वेने हर्ट्झ बदलणारी केंद्रंच बांधली. आमचं एका कन्व्हर्टरचं बिल मंजूर होत नाही!

ओसाकात सॉकेट पुन्हा दोन पिनांचं. तीन पिनांचा प्लग अडॅप्टरमध्ये खोचायचा आणि अडॅप्टरमधून लोंबणारी हिरवी वायर अर्थच्या स्क्रूखाली आवळायची. कंटाळा करून ती सोडली की अँप गुणगुणतो. इतर देशांत हे खपून जातं, पब्लिकच्या आरड्याओरड्यात कोणाला पत्ता लागत नाही. जपानी श्रोते मात्र गाणं संपलं की जोरदार टाळ्या वाजवतात आणि पुढचं सुरू होईपर्यंत चिडीचूप. त्या शांततेत आपली ती घूं बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. गिटारिस्ट वळून बघतो, गायक बघतो, स्टेजच्या कडेला हेल्मेट घालून उभी असलेली स्थानिक मंडळी सभ्यपणे दुसरीकडे बघतात.

कार्यक्रम बहुधा नवाच्या सुमारास आटोपतो, कारण लोकांना शेवटची गाडी गाठायची असते. मग सामान भरताना ज्या अँपला व्होल्टेजचा स्विच आहे, तो 100 वरून 230 वर फिरवायचा आणि वर पिवळी टेप मारायची, तिथेच, केस बंद करण्याआधी. नंतर करू म्हटलं, की मुंबईतल्या पहिल्याच साउंडचेकला फ्यूज उडतो. फ्यूजवर भागलं तर नशीब.