पुट्टी, जेलकोट आणि ट्रान्समवरच्या भेगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या फायबर होडीच्या डागडुजीवर मी मागच्या महिन्यात लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, म्हणून आता उत्तर लिहायला बसलोय. मागाहून येणाऱ्यांना संदर्भ लागेल, तेव्हा तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुम्ही देवगडचे, घरच्या दोन फायबर होड्या. आक्षेप तीन. एक, इपॉक्सी (एक चिकट रेझिन) भरून त्यावर जेलकोट (फायबरवरचा रंगीत, गुळगुळीत थर) लावा असं मी लिहिलं ते साफ चूक, ‘स्वतःच्या हाताने कधी केलंय का?’ दोन, चारशे-आठशे नंबरचे वॉटरपेपर हे यॉटवाल्यांचे चोचले. वाळूवर ओढायच्या होडीला गाडीची पुट्टी आणि ऑइलपेंट पुरे. तीन, भेगा म्हणजे होडीचं म्हातारपण, त्यावरून लोकांना घाबरवू नये. तुमच्या मोठ्या होडीच्या ट्रान्समवर, म्हणजे इंजिन लावतात त्या मागच्या फळीवर, पाच वर्षं भेगा आहेत आणि ‘अजून काय बुडाली नाय’.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर, माझं चूक. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला, म्हणजे होडीच्या मूळ रेझिनला, घट्ट धरतं, पण उलटी सोयरीक जमत नाही. इपॉक्सीच्या हार्डनरमधलं अमाइन वरच्या थरावर चिकटसर राहतं आणि पॉलिएस्टरचा जेलकोट त्यावर पडला की खालच्या अंगाने सुकतच नाही. वरून नखाला कडक लागतो, आत मात्र च्युइंगगम. चार महिन्यांनी पोपडा हातात येतो. माझा घोटाळा असा झाला की मी माझ्या होडीची दोन कामं एकाच परिच्छेदात कोंबली. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला, खडकाला लागून टवका उडाला होता, तो मी पॉलिएस्टरने भरून वर जेलकोट घेतला. मागच्या कोपऱ्यात इपॉक्सी भरलं आणि त्यावर टू-पॅक (दोन डबे कालवून लावायचा) पॉलियुरेथेन रंग मारला. लिहिताना खालचं एकाचं, वरचं दुसऱ्याचं झालं. मूळ लेखात काल दुरुस्ती केली आहे. वर जेलकोट हवा असेल तर खाली पॉलिएस्टर किंवा व्हिनाइलएस्टर. खाली इपॉक्सी गेलंच असेल तर ते आधी साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, सुकल्यावर पेपर मारा आणि वर रंगच द्या. तेव्हा हाताने केलंय, अहो. लिहिताना डोकं जागेवर नव्हतं, एवढंच.

तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण आपलं खरं भांडण तिथे आहे.

माझी होडी अठरा फुटी, मी घेतली तेव्हाच वीस-एक वर्षांची होती, मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या बाजूला झापांखाली पडलेली. पुढे दोर बांधायच्या खुंट्याभोवती भेगा होत्या, सूर्याच्या किरणांसारख्या, मधून बाहेर फाकलेल्या. आधीच्या मालकाने त्या रंगाने बुजवल्या होत्या. मीही पहिल्या वर्षी तेच केलं, खोटं कशाला सांगू. पुट्टी, घासणं, पांढरा रंग. दिवाळीपर्यंत भेगा परत जागच्या जागी. दुसऱ्या वर्षी एकशेवीस नंबरचा पेपर घेऊन तिथे तळहाताएवढी जागा तिरकी घासत खाली गेलो. झाडाच्या खोडाला कडी दिसतात तशी रंगांची कडी उघडी पडली: माझा पांढरा, त्याखाली आकाशी, मग पुन्हा पांढरा, मग गडद निळा, मग करडा प्रायमर, शेवटी मूळचा पिवळट जेलकोट. आणि प्रत्येक थरात भेग त्याच ठिकाणी, त्याच वळणाने. चार वेळा कुणीतरी ती झाकली आणि चारही वेळा ती वर आली.

आमच्या वाडीतले एक म्हातारे रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) बाजूला विडी ओढत बसले होते. ते एवढंच म्हणाले, ‘‘भेगेक रंग नको रे, आधी होडी हलता खय ता बघ.’’

मग मी खुंट्यावर पाय देऊन अंगाचा भार टाकला आणि हाताचं बोट भेगेवर ठेवलं. भेग श्वास घेतल्यासारखी उघडमीट करत होती. खालून हात घातला तर खुंट्याच्या बोल्टांखाली बसवलेला प्लायवूडचा तुकडा ओल्या बिस्किटासारखा. वर्षानुवर्षं बोल्टच्या भोकातून पाणी झिरपत होतं. दोर ताणला की सगळा डेक लवायचा, आणि लवण्याची ताकद जेलकोटात नसते. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा, रंगद्रव्य घातलेल्या रेझिनचा थर. आत काचेचा धागा नाही, म्हणून खालची मॅट (काचेच्या धाग्यांचा थर) वाकली तरी तो तडकतो. जाड लावला तर बरा, असंही नाही. मिलिमीटरच्या पुढे गेला की जास्तच तडकतो. मी प्लाय काढला, नवीन तुकडा सगळ्या बाजूंनी रेझिनने बंद करून बसवला, बोल्टांखाली मोठे स्टीलचे वॉशर टाकले, आणि मगच वरच्या भेगांना हात लावला. त्याला आता सहा पावसाळे झाले.

म्हणून मी ‘घाबरवलं’. पण सगळ्या भेगा घाबरण्यासारख्या नसतात हेही खरं, आणि ते मी मूळ लेखात पुरेसं सांगितलं नव्हतं. वर सांगितली तशी तळहाताएवढी खिडकी घासून बघा. रंगाबरोबर भेग संपली तर दोष रंगाचा: मऊ ऑइलपेंटवर कडक टू-पॅक मारला असेल, नाहीतर खालचा थर ओलसर किंवा मेणकट असताना रंग चढवला असेल. जुना रंग कुठला ते कळत नसेल तर टू-पॅकच्या थिनरमध्ये भिजवलेली चिंधी त्यावर दहा मिनिटं ठेवा. रंग सुरकुतला किंवा बोटाला लागला तर तो ऑइलपेंट, त्यावर टू-पॅक चढवायचा नाही. भेग जेलकोटात उतरली असेल तर तिच्यावर पातळ शाई फिरवून लगेच पुसा, केसाएवढी चीर असली तरी कुठवर गेली ते दिसतं. त्याखाली मॅट पांढुरकी पडलेली दिसली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर ‘टण’ऐवजी ‘थप्प’ आवाज आला, तर काम रंगाऱ्याचं राहिलं नाही, फायबरवाल्याचं झालं.

एकाच ठिकाणी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असेल तर बहुधा काहीतरी आदळलंय. लांब समांतर रेघा असतील तर तो भाग लवतोय. आणि सगळ्या डेकवर कातडी सुरकुतल्यासारखं बारीक जाळं असेल, ठोकून कुठेही थप्प लागत नसेल, तर ते मात्र तुम्ही म्हणता तसं म्हातारपण. त्याला मी स्वतः काही करत नाही. घासून रंग मारतो.

आता चोचले. इथे मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. पाण्याखालचा भाग वाळूवर घासणार, त्याला आरसा करून काय उपयोग? तिथे एकशेवीसचा पेपर मारून थांबा. चारशे-आठशे, एक हजार, बाराशे नंबर, मग रबिंग कंपाउंड, मग वॅक्स ही माळ पर्यटकांना दिसणाऱ्या वरच्या अंगाला. तीही हौस असेल तर. पांढऱ्याला पांढरा जुळवण्यात मी एक अख्खा रविवार घालवलाय. उन्हाने पिवळावलेला पांढरा दुकानातल्या डब्यात मिळत नाही, आणि ओला जेलकोट वाळल्यावर वेगळाच दिसतो. नाद सोडा.

पण गाडीची पुट्टी पाण्याखाली नको म्हटलं ते चोचल्यापोटी नाही. तिच्यात भरणा असतो शंखजिऱ्याचा, आणि ती पाणी पिते. गाडी पावसात भिजते आणि सुकते, होडी पाण्यातच असते. पुट्टी फुगते, कडा सुटतात, आणि टवका उडालेल्या जागी मॅट उघडी असेल तर तंतूंच्या कडेकडेने पाणी आत चढत राहतं. वरच्या काठावर, रंगाखाली, नखाएवढ्या खळग्यात पुट्टी भरलीत तर मी काही बोलणार नाही. पाण्याखाली मात्र दुरुस्तीला वापरता त्याच रेझिनमध्ये एरोसिल पावडर घालून श्रीखंडाएवढं घट्ट करा आणि ते भरा. फायबरच्या सामानाच्या दुकानात मॅटशेजारीच मिळते.

भरण्याआधी भेग उघडी करावी लागते, नुसती वरून लिंपून चालत नाही. केसाएवढ्या चिरेत काही उतरतच नाही. मी जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक ग्राइंडरवर त्रिकोणी करून घेतलंय. ते भेगेतून ओढत गेलं की व्ही आकाराची चर पडते आणि पांढरा भुगा निघतो. चरीचं टोक भेगेच्या टोकापेक्षा थोडं पुढे न्यायचं, नाहीतर ती पुढे सरकते. आणि हे सगळं करायच्या आधी, पेपरला हात लावण्याच्याही आधी, दोन फडक्यांनी पुसायचं: एक थिनरचं, पाठोपाठ एक कोरडं. जुनं वॅक्स आणि माशांचं तेल तसंच ठेवून घासलं तर ते ओरखड्यांत चोळलं जातं, मग काहीही लावा, धरत नाही. आपल्या होड्यांना हे जास्तच लागू. बांगड्याच्या हंगामानंतर माझ्या होडीचा काठ तव्यासारखा असतो.

हवेचं तंत्रही मी मूळ लेखात उरकलं होतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून सगळ्यांना वाटतं की होडी वर आहे तर पावसाळ्यातच काम काढू. त्या दमट हवेत रेझिन आणि टू-पॅक दोन्ही रुसतात. काम मे महिन्यात, होडी शाकारायच्या आधी. वर ओढल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ राहिलं की ते ओल धरून ठेवतं. मग चार-सहा दिवस ऊन द्या. रात्री दुरुस्तीच्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबा.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की ‘हार्डनर थोडा सढळ टाकला की लवकर सुकतं’. हे वाचून मात्र खरंच धास्तावलो. मे महिन्यात आपल्याकडे ३३-३४ अंश असतं, तेव्हा पॉलिएस्टर रेझिनला एक टक्काच पुरतो: ५० ग्रॅमला अर्धा मिलिलिटर, सुई काढलेल्या सिरिंजने मोजून. जास्त टाकलात तर डबा हातात तापतो आणि वाळलेला थर ठिसूळ होऊन तडकतो, म्हणजे भेग बुजवायला गेलात आणि भेग विकत घेतलीत. घाई असेल तर सकाळी सहाला काम करा आणि माल थोडा-थोडा कालवा. जेलकोट हवेच्या बाजूने चिकट राहतो, तो हार्डनर कमी पडला म्हणून नाही. हवा लागल्यामुळे राहतो. वरून ओएचपीची शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) घट्ट बसवा, दुसऱ्या दिवशी सोला, खाली टणक निघतो. आणि कोबाल्टची (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात त्याची) बाटली अन् हार्डनरची बाटली एकमेकांना कधीच भेटू देऊ नका. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, मगच हार्डनर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. सिरिंज वेगळ्या ठेवा, चष्मा लावा. हार्डनरचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

राहिला तुमचा ट्रान्सम. तुम्ही लिहिलंय की भेगा आडव्या आहेत, इंजिनच्या ब्रॅकेटखाली, दोन्ही बाजूंना सारख्या. त्या कोपऱ्यातल्या किंवा आदळल्याच्या नाहीत. ट्रान्समच्या पोटात प्लायवूड असतं आणि इंजिनचा सगळा रेटा तेच झेलतं. एक माणूस इंजिनच्या पायावर दाब देत वर-खाली करू दे, तुम्ही बॅटरी घेऊन भेगेकडे बघा. ती उघडमीट करत असेल तर आतल्या बाजूने, अगदी खालच्या अंगाला, पाच मिलिमीटरचं एकच भोक पाडा, फक्त आतली कातडी आणि प्लायपर्यंत, आरपार नाही. ड्रिलवर येणारा भुसा बोटांत चोळून बघा. कोरडा, फिकट, लाकडाच्या वासाचा निघाला तर भोक घट्ट रेझिनने बुजवा, भेगा तुमच्या पद्धतीने रंगवा आणि इथे येऊन मला चार शब्द सुनवा. प्रतिक्रिया उडवणार नाही. काळा, ओला, आंबूस निघाला तर यंदा रंगाचा डबा आणू नका, आणि ते इंजिन लावून खाडीच्या तोंडाबाहेर जाऊ नका.