जुन्या घराच्या दुरुस्तीविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपल्या आई-वडिलांच्या घराच्या कामाबद्दल आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. काम ठरल्यापेक्षा लांबले, एवढा खर्च करूनही घर नवे दिसत नाही, जुन्या दारे-खिडक्यांचीच डागडुजी करून पैसे घेतले, न्हाणीघराला रुग्णालयाची कळा आणली आणि पर्यावरणपूरक म्हणवणाऱ्या आमच्या संस्थेने सौर पॅनेल मात्र बसवू दिले नाहीत, असे आपले आक्षेप आहेत. निवृत्तीनंतर जुन्या घरात राहायला जाण्याच्या विचारात असलेले इतर लोकही हा अभिप्राय वाचणार असल्यामुळे उत्तर येथेच सविस्तर देत आहे.

काम लांबण्याचे मुख्य कारण भिंतींची ओल हे होते. घराचे मूळ विटकाम चुन्यातले आहे; पुढे कधीतरी कुणीतरी त्यावर कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा चढवला. चुन्याच्या भिंतीत जमिनीतून येणारी ओल पृष्ठभागावरून हळूहळू वाळून जाते. वरून सिमेंटचा थर बसला की तिची वाट बंद होते आणि ती आतल्या आत वर चढत राहते. बैठकीच्या खोलीतला गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजत होता. तो उतरवला तेव्हा मागच्या विटेवर बोट फिरवले तरी भुकटी हाताला लागत होती. त्यावर पुन्हा सिमेंट मारून रंग दिला असता, तर घर वेळेत आणि चकचकीत हाती आले असते, आणि काही काळाने पोपडे पुन्हा धरले असते. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. प्रत्येक हातानंतर तो काही दिवस ओलसर ठेवावा लागतो आणि पुढचा हात देण्याआधी थांबावे लागते. ही प्रक्रिया गवंडी वाढवून उरकता येत नाही. धुळीचा आणि गैरसोयीचा त्रास घरच्या मंडळींना झाला, याची मला जाणीव आहे.

याच कामातला सर्वांत उपयोगी भाग आपल्या अभिप्रायात कुठेच आलेला नाही, कारण तो डोळ्यांत भरत नाही. घराबाहेरची जमीन भर घालून घालून जोत्याच्या वर गेली होती; ती खोदून खाली नेली आणि पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर सोडले. एकूण हिशेबात या कामाची रक्कम अगदी किरकोळ आहे. पण ते टाळून भिंतींवर केलेला कोणताही खर्च वाया गेला असता.

दारे-खिडक्यांबाबत आपला सूर असा आहे की, जुनेच ठेवायचे होते तर पैसे कसले? चौकटींचे लाकूड भरीव आणि मुरलेले आहे, कुजला होता तो फक्त खालचा वीतभर भाग. सुताराने तेवढाच कापून नवा तुकडा सांध्याने जोडला आणि फटींना पट्ट्या बसवल्या. या मजुरीपेक्षा नव्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बऱ्याच महाग पडल्या असत्या. शिवाय ॲल्युमिनियम तयार करायला प्रचंड वीज लागते. जे टिकाऊ आहे ते फेकून देऊन नवे आणण्याला मी तरी पर्यावरणपूरक म्हणणार नाही.

न्हाणीघराविषयी मात्र मी ठाम आहे. टॉवेलची दांडी आणि आधाराची दांडी दिसायला सारखी असली, तरी तोल गेलेल्या माणसाचा सगळा भार झटक्याने पेलणे हे दुसरीचे काम आहे. त्यासाठी ती नुसत्या फरशीत खिळवून चालत नाही, मागे भक्कम भिंत लागते. दांड्यांचा गडद रंग भिंतीशी जुळत नाही, असे आपण म्हणता. तो मुद्दामच वेगळा निवडला आहे, कारण अधू दृष्टीला पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही. चाकांची खुर्ची साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते, म्हणून दार ९० सेंटिमीटरचे केले. ती जागच्या जागी वळवायला सुमारे १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा हवी, म्हणून मधला कट्टा काढला. दारासमोरचा उतार लांबलचक वाटतो खरा, पण १ः१२ या प्रमाणाने ३० सेंटिमीटर उंचीला ३.६ मीटर लांबी लागतेच. आज घरात खुर्ची नाही, हे मला ठाऊक आहे. गरज पडेल तेव्हा पुन्हा तोडफोड करायची म्हटले तर खर्च दुप्पट होतो, आणि तो काळ घरात गवंडी वागवण्याचा नसतो.

सौर पॅनेलना आम्ही नकार दिलेला नाही, त्यांचा क्रम मागे ठेवला आहे. छताच्या काही वाशांचे काम अजून बाकी आहे. आधी पॅनेल बसवले तर त्या वेळी ते उतरवून पुन्हा चढवावे लागतील. उन्हाची झळ सर्वाधिक छतातूनच आत येते, म्हणून पहिला खर्च उष्णतारोधक थरावर केला. विजेची गरज कमी झाली की पॅनेलही कमी लागतील. त्यांच्या तारांसाठी भिंतीत नळी आताच घालून ठेवली आहे. हा सगळा क्रम आपल्या वडिलांनी मान्य केलेल्या अंदाजपत्रकात नमूद आहे.

राहिला प्रश्न रंगाचा. भिंती डागाळलेल्या दिसतात, कारण नवा गिलावा सगळीकडे सारख्या वेगाने वाळत नाही. आपण दुसऱ्या रंगाऱ्याला बोलावणार असल्याचे लिहिले आहे. जरूर बोलवा, त्याला आमची हरकत नाही. मात्र भिंती पूर्ण वाळेपर्यंत त्याला थांबवा आणि खालच्या भागाला प्लास्टिक पेंट किंवा पुट्टी लावू देऊ नका. चुन्याची सफेदी किंवा वाफ बाहेर पडू देणारा खनिज रंगच वापरायला सांगा. एरवी सिमेंट काढून मोकळी केलेली ओलीची वाट रंगाच्या थराने पुन्हा बंद होईल.