ताटातून एकेक पदार्थ काढून टाकणं आधी थांबवा

अपघात, घरातली मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार, डोळ्यांसमोर गेलेलं माणूस. असं काही घडून गेलं की भीती वर्षानुवर्षं अंगात मुरून राहते आणि अनेकांच्या बाबतीत ती पोटावर निघते. घराबाहेर पडायच्या आधी तीनदा संडास, दोन घासांत पोट भरणं, फुगारा, मळमळ. सोनोग्राफी नॉर्मल, दुर्बीण नॉर्मल. मग घरचे म्हणतात, ‘काही नाही झालं तुला, टेन्शन नको घेऊ.’ कृपा करून हे म्हणणं बंद करा. दुखणं खरं असतं.

शरीर सतत सावध असलं की जठर हळू रिकामं होतं, म्हणून मळमळ आणि जडपणा. मोठं आतडं मात्र घाई करतं, म्हणून जुलाब. शिवाय आतड्यांच्या नसा हळव्या होतात. इतरांना जाणवतही नाही एवढ्या वायूने यांना कळ येते. दुर्बिणीला आतड्याचं अस्तर दिसतं, नसांचा हळवेपणा दिसत नाही.

माझ्या मते खरं नुकसान यानंतर सुरू होतं. एक दिवस तर्री-पोहे खाल्ल्यावर पोट बिघडलं, तर्री बंद. मग कांदा बंद, तुरीचं वरण बंद, दूध, पोळी, शेवटी संत्रंसुद्धा. वर्षभरात माणूस दहीभात आणि बिस्किटांवर येतो. अंगातली ताकद जाते, आणि प्रत्येक नवा पदार्थ धोका वाटायला लागतो.

इथे वेळेचा हिशेब समजून घ्या. कांदा, लसूण, हरभरा, तूर यांतले काही घटक लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचून आंबतात आणि वायू होतो. याला सहसा काही तास लागतात. त्यामुळे जेवायला बसल्यावर दहा मिनिटांत कळ येऊन संडासला धावावं लागलं, तर त्या कांद्याला दोष देऊ नका. जठरात अन्न पडताच मोठं आतडं हलतं, ही सगळ्यांचीच नैसर्गिक क्रिया आहे. भीतीत ती जोरात होते. तिखटाचं वेगळं. सावजी रश्शातली मिरची हळव्या आतड्याला खरंच झोंबते, ती काही दिवस कमी करायला हरकत नाही.

आधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी करून घ्या. सीलिअ‍ॅकची तपासणी गहू खात असतानाच करायची. बंद केल्यावर केली तर निकाल चुकीचा नॉर्मल येऊ शकतो. शौचात रक्त, घटत जाणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणं, ताप, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल तर ‘टेन्शनचं आहे’ म्हणून थांबू नका.

मग बंद केलेले पदार्थ परत आणायचे, एका वेळी एकच. कांदा घ्या. पहिल्या दिवशी शिजवलेला एक चहाचा चमचा, दुसऱ्या दिवशी दोन मोठे चमचे, तिसऱ्या दिवशी अर्धा लहान कांदा. दोन दिवस थांबून पुढचा पदार्थ. कोर्टाची तारीख, त्या घटनेची तिथी, रात्रभर झोप न झालेला दिवस, अशा वेळी प्रयोग करू नका. निकाल भीतीचा येईल आणि नाव कांद्याचं होईल. वहीत जेवणाबरोबर झोप आणि त्या दिवशी काय घडलं तेही लिहा. दोन आठवड्यांत बरंच उलगडतं.

दिवसभर उपाशी राहून रात्री पोटभर जेवणं सगळ्यात वाईट. थोडं थोडं, ठरल्या वेळी: ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, दोडकं, भात. सकाळचा चहा रिकाम्या पोटी नको. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल, एक चहाचा चमचा पेलाभर पाण्यात, भिजवून न ठेवता लगेच. आठवड्याने वाढवा. एकदम तीन चमचे घेतले की पोट फुगतं आणि लोक औषधालाच नावं ठेवतात. गव्हाचा कोंडा टाळा, त्याने फुगारा वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं तर इसबगोलाने उलट खडा होतो.

श्वासाचा उपाय साधा आहे, पण चुकीचा केला जातो. नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पोटावरचा हात वर यायला हवा, छाती नाही. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. ओढून-ताणून मोठे श्वास घेतले तर चक्कर येते. डोळे मिटल्यावर जुनं सगळं समोर येत असेल तर डोळे उघडे ठेवा, भिंतीवरच्या एखाद्या वस्तूकडे बघत करा.

औषधांत एक सावधगिरी. पोटासाठी म्हणून दिलेल्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड हे घबराट कमी करणारं औषध असतं. त्याची सवय लागते. महिनोन्महिने घेऊन अचानक थांबवलं तर घबराट उसळते. तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेले घटक वाचा. बंद करायची असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. कमी मात्रेतलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन (मूळचं नैराश्याचं औषध) मात्र उपयोगी आहे: 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत रात्री 10 ते 30 मिलिग्रॅमने सहा महिन्यांत आयबीएसचा, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही राहणाऱ्या पोटाच्या अशा दुखण्याचा, त्रास कमी झाला. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, म्हणून जुलाबवाल्यांना जास्त सोयीचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको.

आणि मूळ आघातावर उपचार हवेतच. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घडलेलं सगळं पोटाच्या डॉक्टरांना सांगायची गरज नाही. एवढंच सांगा: ‘माझ्यासोबत पूर्वी एक वाईट घटना झाली आहे, तपासताना प्रत्येक गोष्ट आधी सांगून करा, मी थांबा म्हटलं की थांबा.’ महिला डॉक्टर मागता येतात, सोबत आपलं माणूस ठेवता येतं, दुर्बिणीआधी गुंगीचं इंजेक्शन मिळेल का ते विचारता येतं.